कोऱ्या लाकडाचे नाना

चकाकणारी कुठलीही वस्तू दिसली की नानांना तिचा संशय यायचा. नवं पातेलं असो, नवरदेवाचे बूट असोत, नाहीतर नुकती रंगवून आणलेली एसटी असो, नाना डोळे बारीक करून तिच्याकडे बघत आणि म्हणत, "कायतरी लपवलंय हां ह्यात." लाकडाच्या बाबतीत तर त्यांचा नियमच होता. पॉलिश केलेलं फर्निचर घरात आणायचं नाही. आणायचं ते कोरं, रंधा मारून गुळगुळीत केलेलं आणि अंगावर दुसरं काही नसलेलं.

नाना म्हणजे माझे सासरे. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. लाउडस्पीकर बिघडला तरी देवरूखची गाडी कुठे लागली आहे ते बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही कळावं, असा त्यांचा आवाज होता. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरी आला. त्यांचं म्हणणं बरोबर निघो की चूक, ते सांगण्याची पट्टी एकच असे.

मी सांगलीची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पाहते तो पलंग कोरा, कपाट कोरं, देव्हारासुद्धा कोरा. मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत काम अर्धवट राहिलं असेल. सासूबाईंना विचारलं, "आई, पॉलिशवाला कधी येणार आहे?" भाकरी थापता थापता त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "त्याची वाट बघताना माझे केस पिकले गो."

नानांचं म्हणणं असं, की लाकडाला आधी घर कळू द्यावं. "पाऊस कुठनं येतो, ऊन कुठं पडतं, कोण कुठं टेकतं, ते समजू दे त्याला. मग बघूया तेलाबिलाचं." हे 'मग' काही उजाडत नसे. पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही, गणपतीत घर माणसांनी भरलेलं, थंडीत लग्नकार्यं आणि पुढे आंबा सुरू झाला की कोणाला फुरसत! पण त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असंही नाही. पावसात ड्रॉवर फुगून अडकला की नाना रंधा घेत, दोन हात मारत आणि ड्रॉवर सरकू लागे. कोऱ्या लाकडावर डाग पडला, घासून काढला, संपलं. शेजाऱ्यांच्या चकचकीत सोफ्यावर मात्र ओरखडा उठला तेव्हा त्यांच्याकडे सुतक असल्यासारखी शांतता होती.

फर्निचरच्या दुकानात नानांना घेऊन जाणं हा एक प्रसंगच असे. ते कपाटाचं दार उघडून सरळ आत डोकं घालत आणि नाक फेंदारून वास घेत. मग तिथूनच आवाज येई, "ह्याला लाकडाचा वास नाय, रंगाचा येतो!" दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं दचकून आपापल्या कपाटांचे वास घ्यायला लागत. पुढे पुढे एका दुकानदाराने युक्ती काढली. नाना दिसले की तो बाहेर खुर्ची टाकायचा आणि चहा मागवायचा, म्हणजे ते आत यायला नकोत.

या अशा घरात माझ्या वडिलांनी हौसेने करून दिलेलं ड्रेसिंग टेबल आंबा घाट उतरून टेम्पोने आलं. सागवानी, आणि पॉलिश असं की आरशाशिवायही तोंड दिसावं. नानांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "पडवीत राहू दे. एक पावसाळा काढू दे त्याला, मग बघूया." नवऱ्याकडे पाहिलं, तर तो टेम्पोवाल्याशी घाटातल्या खड्ड्यांविषयी बोलत होता. नानांना सांगणार कोण?

तो अख्खा पावसाळा मी पडवीत उभी राहून, पोस्टमनच्या आणि दूधवाल्याच्या देखत वेणी घातली. झड आली की टेबलावर प्लास्टिक टाकायचं, उघडीप मिळाली की काढायचं. टेबल राहिलं बाजूला, मलाच पडवीत ठेवलंय असं मला वाटायचं. फार राग यायचा. या घरात माझ्या शब्दाने काही होणार आहे की नाही, हा प्रश्न मला तिथे त्या आरशासमोर पडला आणि नंतर कितीतरी वर्षं सुटला नाही.

पाऊस सरल्यावर नाना एके सकाळी पडवीत आले. ड्रॉवर ओढून पाहिले, सगळे सुरळीत सरकले. पाय ठोकून पाहिले, वास घेतला. मग साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सांगलीवाल्यानं काम चोख केलंय! मी चुकलो! आत घ्या ते!" चूक कबूल करतानाही गाडी सुटल्याची घोषणा करावी तसा त्यांचा थाट होता. मला हसू आलं आणि रागही थोडा उतरला. पण टेबल बाहेर ठेवायचं हे त्यांनी ठरवलं होतं आणि आत घ्यायचं हेही त्यांनीच.

नंतर आलं जेवणाचं टेबल. संगमेश्वरजवळच्या त्यांच्या गावी घरामागचा फणस वादळात पडला होता. नानांनी त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, त्या माळ्यावर मनसोक्त वाळवल्या आणि मग अंगणात सुतार बसवून भलंथोरलं टेबल करून घेतलं. हळदीसारखं पिवळंधमक. अर्थात कोरं. मासेखाऊ घरात कोरं टेबल म्हणजे काय ते पुसणाऱ्या बाईलाच विचारा. बांगड्याचं कालवण सांडलं की बांगडा दोन दिवस मुक्कामाला. मी लिंबू-मीठ घेऊन घासत बसायची आणि दर थंडीत म्हणायची, "नाना, यंदा पॉलिश करून घेऊ या." त्यांचं उत्तर ठरलेलं, "पिवळा आहे गो अजून, तांबूस होऊ दे." फणसाचं लाकूड वाऱ्याने तांबूस होत जातं हे खरं. ते झालंही. मग नाना म्हणू लागले, "अजून थोडा." सासूबाई गेल्या, मुलं शिकायला बाहेर पडली, तरी टेबल कोरंच.

मग नानांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी धूळ आणि पॉलिशचा वास दोन्ही बंद केलं. रंधा माळ्यावर गेला. आवाजही बसला आणि त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. एके दुपारी जेवण झाल्यावर ते हात न धुता तसेच बसून राहिले. म्हणाले, "ह्या टेबलाचं काय ते आता तूच ठरव."

"म्हणजे?"

"कोरं ठेव, तेल लाव, पॉलिश मार, नायतर विकून टाक."

"तुम्हांला काय वाटतं?"

"मी सांगितलं तर ते माझं टेबल होईल गो."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं उष्ट्या ताटासमोर मिळालं. मी तिथल्या तिथे ठरवलं. लाखेचं पॉलिश, आणि करणार मी स्वतः. नानांना मागच्या खोलीत बसवून दार लावून घेतलं, टेबल अंगणात काढलं आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. खिडकीच्या फटीतून त्यांचा बसका आवाज येतच होता, "रेषेच्या दिशेनं घास गो, आडवी घासू नको!" हळदीचे डाग गेले, मुलांच्या पेनाचे काही गेले, काही राहिले. मग कापडाची पुरचुंडी करून हातावर हात चढवत गेले. पाय झाले, कडा झाल्या, वरची बाजू झाली. खालची बाजू राहिली. पॉलिश उरलं होतं, वेळही होता. पण तिला मी हात लावला नाही.

वास पुरता गेल्यावर नाना बाहेर आले. खुर्चीवर टेकले, टेबलावरून हात फिरवला, मग तो कडेखाली नेला आणि थांबले.

"खालून कोरं ठेवलंस?"

"ती तुमची बाजू," मी म्हटलं.

डोळे भरून आले त्यांचे, माझेही. पण नानाच ते. घसा खाकरून म्हणाले, "वाकेल हां हे. वरनं बंद आणि खालनं उघडं. पावसात ओल खालनंच शिरणार. लिहून ठेव."

"नाही वाकणार."

"वाकेल!"

"बघू की पावसात!" माझाही आवाज चांगलाच चढला होता. नाना खूश झाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना भांडायला कोणीतरी तोडीचं मिळालं होतं. "बघूया," म्हणाले.

पावसापर्यंत ते राहिले नाहीत. आंब्याच्या दिवसांतच, एका सकाळी चहा घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत.

यंदाच्या आषाढात एका दुपारी मी पानं वाढली, तर ताटातली आमटी टेबलाच्या मध्याकडे सरकायला लागली. वाकून पाहिलं. कडा उचलल्या होत्या, टेबल मधून खोल झालं होतं. नवरा म्हणाला, "सुताराला बोलावू या." मी नको म्हटलं. पळी हातात तशीच धरून मागच्या खोलीच्या दाराशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "नाना, वाकलं हो!"

बरोबर ठरूनही नाना गप्प राहिले, असं या घरात पहिल्यांदाच घडलं.