लॅपटॉपवरचं हळदीचं बोट

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. असे अनुभव मी डबा खाताना वाचायचो आणि शेजारच्याला वाचून दाखवून हसायचो. आमच्या लाईनमध्ये कोण आलं, कुठून आलं, किती वाजता आलं, सगळ्याची नोंद राहते. नोंद नाही म्हणजे घडलंच नाही, असं मी लोकांना ठणकावून सांगायचो. आता नाही सांगत.

भिवंडीजवळ पूर्णाला एका गोडाऊनमध्ये मी नेटवर्क बघतो. डायलिसिसचं सामान इथून आसपासच्या सेंटरना जातं. प्रत्येक खोक्यावर बॅचचं लेबल लागतं, आणि लेबलं काढणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका सर्व्हरवरून उघडतं. लेबल नाही तर खोकं गेटबाहेर जात नाही, असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

तर झालं असं, की तो सर्व्हर बदलणार होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी कळवलं — शुक्रवारी दुपारी बारा वाजता जुना बंद, नवीन सुरू. नाव तेच राहणार, मागचा नंबर बदलणार. माणसाचं नाव तेच, फक्त घर बदललं, एवढंच. आम्ही आमच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या गेटवर, नवीन नंबरांना आत-बाहेर मोकळं करायचं. मग माझ्या लॅपटॉपवर नवीन पत्त्यांची यादी, म्हणजे कुठल्या नावाला कुठला नंबर ते, लावून बघायचं. हिरवी खूण आली की रस्ता मोकळा.

ऐकायला सोपं आहे हो. पण हे काम मी एकटा करत होतो. तीन आठवडे मेल, फोन, वरच्यांची परवानगी, पुन्हा मेल... रोज अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून घरी जायचं आणि जेवतानाही फोन. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. गुरुवारी हिरवी खूण आली तेव्हा आनंदसुद्धा झाला नाही, फक्त झोप आली.

सुनीताताई आमच्या डिस्पॅचच्या सुपरवायझर. त्यांनी संध्याकाळी विचारलं, "महेशदादा, उद्या दोनची गाडी निघेल ना? नक्की सांगा हां. अकलोलीच्या बाजूच्या सेंटरला सामान संपत आलंय. माझ्या दिराचं डायलिसिस तिथेच असतं, शनिवारी सकाळी."

"निघेल ताई. टेस्ट झालीय," मी म्हटलं.

आता घरतकाकांबद्दल सांगायला हवं. माझ्या आधी इथलं नेटवर्क तेच बघायचे, मी त्यांच्या हाताखाली होतो. वळगावचे, तरुणपणी पॉवरलूमवर होते, मग वायरिंग करता करता कॉम्प्युटर शिकले. त्यांची एक खोड होती. कुठल्या मशीनमध्ये तात्पुरतं काही ठोकून बसवलं की त्यावर हळदीचं बोट लावायचे. खंडेनवमीच्या पूजेतली हळदीची पुडी वर्षभर ड्रॉवरमध्ये असायची. आम्ही चेष्टा करायचो. ते म्हणायचे, "हसा. लूमवर धागा तुटला तं गाठ मारतान. पन गाठीला खून कराची, म्हंजे मागून येनाऱ्याला गावतं. गाठ वाईट नसतं रं, इसरलेली गाठ वाईट." काम पक्कं झालं की डाग स्वतः पुसायचे.

काका आजारी पडले आणि त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. झाकणावर पिवळा डाग होता. मी तो स्पिरिटने घासून पुसला. स्वच्छ लॅपटॉप हवा होता मला. महिन्याभरात काका गेले. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला केबिनमध्ये बॅग उघडली, लॅपटॉप बाहेर काढला. झाकणावर हळदीचं बोट. ओलं.

बायकोने काही केलं असेल म्हणून फोन लावला. ती म्हणाली, "मी कशाला लावू? आणि आज कसली पूजा? नीट झोपत जा हो जरा." रुमालाने पुसलं. चहा घेऊन आलो. जाताना केबिनला कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात. आलो तर त्याच जागी पुन्हा बोट, तेवढंच ओलं.

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. आधी कॅमेरा बघितला. केबिनमध्ये मी सोडून कोणी नाही. मी बाहेर जातो, झाकण साफ आहे. मी आत येतो, झाकणावर डाग आहे. मधल्या सात मिनिटांत रिकामी खुर्ची. काकांचा ड्रॉवर ओढला. पुडी होती, पण आतली हळद दगडासारखी घट्ट झालेली.

मग खाली बसलो आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या लॅपटॉपमध्ये गाठ शोधली. मिळाली. एका फाईलमध्ये एकच ओळ, हाताने लिहिलेली — सर्व्हरचं नाव आणि पुढे जुना नंबर. कधीतरी नेट त्रास देत असताना काकांनी घातलेली. मशीन आधी अशी ओळ वाचतं, यादीकडे बघतही नाही. म्हणजे माझी टेस्ट नवीन सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती. ती हिरवी खूण जुन्याचीच होती.

ओळ काढली. पुन्हा टेस्ट केली. लाल.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फायरवॉलमधले नंबर एकेक करून मेलशी ताडून बघितले. एका ठिकाणी तीनच्या जागी मी आठ टाकला होता. माझीच चूक, थकलेल्या डोळ्यांची. आकडा बदलला, बदलाला वरून मंजुरी मिळेपर्यंत पावणेबारा झाले. मग हिरवं, खरंखुरं. बाराला जुना बंद झाला आणि लेबलं निघत राहिली. दोनची गाडी दोन वाजून पाच मिनिटांनी गेली. सुनीताताईंनी लांबूनच हात केला. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

लॅपटॉप मिटला तेव्हा झाकण स्वच्छ होतं. या वेळी मी पुसलं नव्हतं.

तेव्हा मला तो फोन आठवला. जायच्या चार दिवस आधी काकांनी हॉस्पिटलमधून केला होता. "महेश, त्या लॅपटॉपमदी एक गाठ राह्यलीय रं..." मी म्हटलं, "काका, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." नंतर केला नाही. बरं झाल्यावर बोलतीलच, असं वाटलं होतं.

संध्याकाळी वळगावला त्यांच्या घरी गेलो. काकी ओट्यावर बसल्या होत्या. सर्व्हर वगैरे काही बोललो नाही. इतकंच म्हटलं, "काकांनी एक काम सांगितलं होतं, राहून गेलं होतं. आज केलं."

काकींनी पदराने ओटा पुसून मला बसायला जागा केली. मग म्हणाल्या, "आठ दिस झाले, सपनात येतान. बोलत काय न्हाय. नुसतं मोरीवर हात धूत बसतान. मी म्हनते, अवो किती धुवाल... तं हात दाखवतान. पिवळं."

मी लॉग तपासले, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चार वेळा बघितलं. डाग कोणी लावला, नेमका कधी उमटला, कुठेच दिसत नाही. तुमच्यापैकी कोणाला याचा अर्थ लागला तर जरूर कळवा, मला लागलेला नाही. रुमाल कपाटात आहे, धुतलेला नाही. आणि कोणाचा फोन आला की मीटिंगमध्ये असलो तरी बाहेर येऊन घेतो.