वेबसाइटवरून काही काढायचं नाही

गेले काही दिवस मला झोप लागत नाहीये, आणि कारण ऐकलंत तर तुम्ही हसाल. माझी मुलगी वाचायला शिकली!

ओवी पहिलीत आहे. दुकानांच्या पाट्या, ऑटोच्या मागची वाक्यं, बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर, दिसेल ते मोठ्यानं वाचते. दुसऱ्या आया कौतुक करतील. मी मात्र मोबाइल पिठाच्या डब्यामागे लपवते, आमच्या संस्थेची वेबसाइट तिच्या हाती लागू नये म्हणून.

संस्था मोठी आहे. मुख्य ऑफिस अमरावतीला, दुसरं अकोल्याला, आणि गावोगावी बालआरोग्य शिबिरं, शिवणवर्ग, वाचनालयं. वेबसाइटही तेवढीच मोठी. तिच्यावरचा शिळा झालेला मजकूर शोधून काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण "मॅडमचं मराठी चांगलं आहे." काम हातात घेतलं, 'देणगी द्या' हे पान उघडलं, तर त्यावर माझीच मुलगी!

दहा महिन्यांची होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या शिबिराला तिला कडेवर घेऊन गेले होते. नुकतीच जुलाबातून उठलेली, डोळे खोल गेलेले, अंगात माझ्या आईनं शिवलेला पिवळा बदकांचा फ्रॉक, आणि भोकाड पसरलेलं. फोटोग्राफरनं नेमकं तेच टिपलं. खाली ओळ: 'या चिमुकलीला तुमच्या मदतीची गरज आहे.'

पुढे दोनच महिन्यांत ती गुबगुबीत झाली. पहिल्या वाढदिवसाचा, त्याच फ्रॉकमधला हसरा फोटो आमच्या टीव्हीच्या वर लावलाय. "हा फ्रॉक कुठंय आता?" म्हणून ओवी अधूनमधून विचारते. मी सांगते, एका बाळाला दिला. खरंच दिला होता.

तर ओवीनं वाचायच्या आत वेबसाइटवरचा तो फोटो जावा, एवढंच मला हवंय. तो का जात नाही, याचे किस्से आता इतके साठलेत की म्हटलं, वेबसाइटवरून नाही तर निदान डोक्यातून तरी काढून टाकावेत.

*

पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात मी एका वाचनालयाच्या उद्घाटनाचं पान उडवलं. वाचनालय कधीच बंद पडलंय. त्या खोलीत आता पाइप ठेवतात.

तासाभरात सचिवांचा फोन. त्यांना सगळे नाना म्हणतात.

"मॅडम, ते पान काहून काढलं? तुमच्या घरचं तेल-मीठ खाऊन राह्यलं होतं काय?"

"नाना, वाचनालयच राहिलं नाही आता."

"वाचनालय नसन. फीत कापणारा माणूस तं हाय ना! त्यायनं पाह्यलं तं?"

तेव्हा मला नियम कळला. आमच्याकडे पान कामाचं नसतं, फोटोतल्या माणसाचं असतं. ज्याच्या गळ्यात हार, त्याची परवानगी घ्यायची. आणि हार घातलेला माणूस आपण होऊन "मला काढा हो" म्हणाला, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

पान संध्याकाळपर्यंत परत आलं.

*

वेबसाइटची तांत्रिक बाजू अकोल्याच्या ऑफिसातला पवन सांभाळतो. जुनं पान काढता येत नाही, यावर त्यानं स्वतःचा उपाय शोधलाय. जुन्या पानावर लाल रंगात लुकलुकणारं 'नवीन!' लावून द्यायचं.

मी फोनवर म्हटलं, "पवन, रोपवाटपाच्या बातमीवर 'नवीन' आहे. त्या रोपांना आता आंबे लागले असतील रे!"

"मॅडम, ते लुकलुकून राह्यलं म्हणून तं लोकायले वाटते संस्था जिती हाय. ते बंद केलं की लोक म्हणतीन, गेली!"

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर आठवलं, संस्थेच्या निम्म्या पानांवर लुकलुकण्याशिवाय काहीच चालू नाहीये.

*

मग मी धीर करून बैठकीत विषय मांडला. धीर म्हणजे काय, आधी तीनदा पाणी पिऊन आले. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना पटलं! जागच्या जागी 'कालबाह्य मजकूर निर्मूलन समिती' स्थापन झाली. समितीच्या प्रमुखांना शाल, श्रीफळ, हार. फोटो झाला. चहा झाला.

त्यानंतर समिती एकदाही भरलेली नाही. स्थापनेची बातमी मात्र पहिल्या पानावर आहे.

लुकलुकते.

*

आमचे आधीचे अध्यक्ष, सगळ्यांचे भाऊ, वारले. तरी वेबसाइटवर 'अध्यक्षांचा संदेश' त्यांचाच. नव्या अध्यक्षांचा त्याच्या खाली. मी विचारलं तर नाना दुखावले.

"भाऊंचा संदेश काढाचा? तेरवीले माइकवर मी स्वतः सांगतलं, भाऊ आपल्यातच हायेत!"

त्यात कोणीतरी कधीकाळी अशी सोय करून ठेवलेली, की भाऊंच्या वाढदिवसाला फुलांची चौकट आपोआप उघडते. यंदाही उघडली. 'मा. अध्यक्षांना उदंड आयुष्य लाभो!' मला कळलं तोवर दुपार झाली होती, आणि भाऊंच्या पत्नीचा, काकूंचा, फोन वाजत होता.

मी उचलताच माफी मागायला लागले. चुकीबद्दल, पवनबद्दल, मीच कशी निष्काळजी त्याबद्दल, सगळ्याबद्दल.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "राहू दे वं पोरी. घरात आज कोणाले आठवण नव्हती. तुमच्या वेबसाइटले तरी होती."

ती चौकट मी अजून काढलेली नाही. हे नानांना सांगू नका, त्यांना वाटेल मी सुधारले.

*

पुढचं सांगताना मला हसता येत नाही.

वेबसाइटवर लिहिलंय: 'हिवरखेड येथे मोफत शिवणवर्ग. प्रवेश सुरू.' वर्ग बंद पडून वर्षं लोटली. एक बाई शेजारच्या गावाहून मुलीला घेऊन, मजुरी बुडवून, एसटीनं तिथं पोहोचल्या. मुलीच्या मोबाइलवर पान उघडं होतं, 'नवीन' लुकलुकत होतं. आणि समोर सोयाबीनच्या पोत्यांचं गोदाम.

तिथून त्या थेट अकोल्याच्या ऑफिसात गेल्या. पवननं त्यांना चहा दिला आणि मला फोन लावून दिला. शूर माणूस!

मी म्हटलं, "ताई, माफ करा. ती माहिती जुनी आहे."

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बाई, कोनी तोंडी सांगतलं असतं तं आमी पहिले चार जनायले इचारलं असतं. शिकलेल्या लोकायनं लिवलं होतं, म्हनून सरळ निंघून आलो."

हे मी नानांना जसंच्या तसं ऐकवलं. त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा! पान काढलं असतं तं बाई आली असती काय? म्हंजे मागणी हाय!"

वार्षिक अहवालात वाक्य गेलं: 'शिवणवर्गास ग्रामीण महिलांकडून आजही उत्स्फूर्त मागणी.' तो अहवाल वेबसाइटवर चढवला कोणी? मीच.

*

आता माझ्या पानाकडे येते. पासवर्ड माझ्याकडेच आहे, हे मला कळतं. दर मार्चमध्ये माझं कंत्राट वाढवायचं की नाही ते नाना ठरवतात, हेही कळतं. लोकांच्या पानांवर मी ताडताड बोलते, आणि स्वतःच्या लेकरावर आलं की, "नाना, म्हणजे, जमत असेल तर…"

"अवं मॅडम, तुमची पोट्टी तं संस्थेची लक्ष्मी हाय! लोक तो फोटो पाह्यतेत अन् देतेत. असं रडणं दुसऱ्या लेकराले जमलंच नाही!"

आणि काय सांगू, क्षणभर मला ते कौतुकच वाटलं. आईच ना मी!

मग ते म्हणाले, "बरं, तुमचं मन मोडत नाही. काढा. पण जागा रिकामी नाही ठेवाची. दुसरं लेकरू लावा. तुमीच निवडा. चांगलं रडणारं पाहा."

*

शनिवारी ओवीची शाळा लवकर सुटते, म्हणून ती माझ्यासोबत ऑफिसात होती. तिला कोपऱ्यात चित्रं रंगवायला बसवलं आणि तिवश्याच्या शिबिराचे फोटो उघडले.

एकेक लेकरू. प्रत्येकाच्या फोटोत कडेला कोणाच्या तरी बांगड्या, कोणाच्या तरी पदराचा काठ. माझ्यासारखीच कोणीतरी, फोटोबाहेर कापलेली. मी पुढे पुढे जात राहिले. एक मुलगा फार छान रडत होता. 'हा चालेल,' असं मनात आलं आणि मी घाबरून उठलेच. पाणी प्यायला गेले.

परत येते तो ओवी माझ्या खुर्चीवर. स्क्रीनवर, फोटो बदलायला मीच उघडून ठेवलेलं 'देणगी द्या'चं पान आणि तिचं बोट अक्षरांवर.

"या… चि-मु-क-ली-ला… तुमच्या… म-द-ती-ची… गरज आहे."

मी दारातच थांबले. नवा फोटो अजून निवडला नव्हता. निवडला असता तर तिच्या बोटाखाली आत्ता तो मुलगा असता.

तिनं फोटो बराच वेळ पाहिला. मग एकदम खुर्चीत उभीच राहिली.

"आई! माझा बदकांचा फ्रॉक! हेच ते बाळ ना, आपण फ्रॉक दिला ते?"

तिनं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि थेट नानांच्या सुरात म्हणाली,

"मंग अजून काहून मागून राह्यली?"