झिपरूच्या नावची मूठ

झिपरू परत येतोय ही बातमी त्याच्याआधी गावात पोचली. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड आहे, हेही कळलं. सत्याऐंशी सालचा श्रावण होता. धुळ्याच्या एसटीतून तो उतरला तेव्हा आभाळ काळंभोर झालेलं, पण थेंब पडत नव्हता. बायकांनी पोरं घरात ओढली. झिपरू माझा चुलतभाऊ, तरी मीही दाराला कडी घातली. शौर्य आमच्या गल्लीत तसं कमीच.

काही वर्षांपूर्वी त्याच कुऱ्हाडीने, दारूच्या धुंदीत, त्याने मंजुळाबाईची, म्हणजे सख्ख्या भावजयीची, दोन बोटं उडवली होती. निमित्त काय, तर तिने बाटली लपवली. भाऊ रुपचंद पोलिसांत गेला नाही. त्याने त्याहून वाईट केलं. आमच्याकडे श्रावणात नारळाची कानबाई देवी बसवतात; तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. त्या वर्षापासून झिपरूच्या नावची मूठ बंद झाली. जिवंत माणसाचं श्राद्धच ते.

गाव सोडून तो सावद्याला केळीच्या मळ्यांत राबला, प्यायला, गटारात लोळला. एका श्रावणात मालकाकडे कानबाई बसली, तेव्हा हा दारात हात पसरून उभा राहिला. रोट भाऊबंदांतच खातात. याला कोण देणार? मळ्यात जाऊन त्याने एक नारळ पुसून मांडला, त्यालाच कानबाई म्हटलं आणि ढसाढसा रडला. दारू सुटली ती तेव्हाच. पण देवी एकट्याची होते, रोट एकट्याचा होत नाही. म्हणून तो आला होता. हे सगळं त्याने पुढे सांगितलं. त्या दिवशी आम्हाला फक्त कुऱ्हाड दिसत होती.

मंजुळाबाई ओट्यावर रोटाच्या गव्हाचं सूप घेऊन बसली होती. दारात रुपचंद, हातात काठी. झिपरूने खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली आणि मी खिडकीची फट आणखी लहान केली. त्याने ती वहिनीच्या पायांशी ठेवली.

"वहिनी, मी आते पेत नही. मन्हा नावनी मूठ टाक. नहीते मन्हा हात तोड."

तिने कुऱ्हाडीकडे एकदा बघितलं. मग तिने तो तीन बोटांचा हात सुपात घातला. मूठ वर येईपर्यंत अर्धे गहू फटीतून गळून गेले.

"या हातनी मूठ पुरी व्हत नही," ती म्हणाली. "तुन्हा नावनी दोनदा टाकसू."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भाऊबंद रोटाला बसलो. रुपचंदने काठी मांडीखाली ठेवली होती. जागा भरपूर होती; झिपरू मुद्दाम त्याच्यापुढे, काठीच्या टप्प्यात, त्याच्याकडे पाठ करून बसला.