गासच्या वाडीतली आंघोळ

बार्शीहून निघालेली एसटी सकाळी भिवंडी सोडून कामणच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी मांडीवरची पिशवी तिसऱ्यांदा चाचपून पाहिली. तिच्यात तिळाचं तेल होतं, वेखंड, ओवा, ऊद, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली माझी मातीची धुपारणी. चटणी आणि जोंधळ्याचं पीठ वरच्या फळीवर दुसऱ्या पिशवीत होतं. ते सांडलं तरी चाललं असतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं. एकेक इतकं लांब की गाडी पुढे जाते आहे की नाही, असं वाटावं. मधेच हिरवागार डोंगर खाली उतरून येतो आणि परत गोदाम. शेजारी बसलेल्या बाईला मी विचारलं, "एवढं काय साठवलंय यांनी?"

"मावशी, लोक मोबाइलवरून मागवतात ना, ते सगळं इथंच पडलेलं असतं."

मी म्हटलं, बघा. माझी लेकही मागवत असेल. पण काल तिने जे मागवलं, ते या गोदामात नव्हतं. तिने मला मागवलं होतं.

माझी लेक सुवर्णा विरारला राहते. बाळंतपणानंतर तिने वर्षभर रजा वाढवून घेतली होती, ती आता संपत आली होती. पाळणाघर करून बघितलं. तिथे शिवूने (म्हणजे माझा नातू शिवांश, वय तेरा महिने) तीन दिवस घास तोंडात घेतला नाही आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणला. सासूबाई नाहीत. मग तिने मला फोन केला. "आई, तू ये. तो तुझ्याजवळ राहिला तर मी पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी कामावर जाते. नाही राहिला तर राजीनामा देते."

आता तुम्हाला सांगते, त्या नोकरीत माझाही वाटा आहे. मी शाळेत गेले नाही. सुवर्णा पहिलीत गेली तेव्हा चुलीपाशी बसून तिच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली. ती पुढे गेली, मी वर्तमानपत्रापाशी थांबले. ती नोकरी सुटली असती तर माझंही काहीतरी सुटलं असतं.

नालासोपाऱ्याला जावई महेशराव उतरवून घ्यायला आले. रिक्षातून विरार. सातव्या मजल्यावर घर. खिडकीतून बघते तर इमारतीमागे इमारत, प्रत्येकीच्या अंगावर वाळत घातलेले कपडे, त्यांच्यापलीकडे हिरवी रेघ आणि तिच्याही पलीकडे काहीतरी चकाकत होतं. मी विचारलं, ते काय? महेशराव म्हणाले, "समुद्र, आई." सहासष्ट वर्षांत मी समुद्र पाहिला नव्हता. तो असा भांड्याच्या कडेसारखा दिसेल असं वाटलं नव्हतं.

दारात शिवू उभा होता. एका हातात बटाटा. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलेकडे पाहिलं आणि बटाटा चपलेत नीट ठेवून दिला. मला वाटलं, झालं, जिंकलं.

आणि त्याच दिवशी मी घोटाळा केला.

आमच्या गल्लीत लेकरू जन्मलं की न्हाऊ घालायला मला बोलावणं येतं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकराला पायांवर पालथं घालायचं, तेल चोळून कढत पाणी ओतायचं, मग ऊद-ओव्याची धुरी. चाळीसेक लेकरं तरी माझ्या पायांवरून गेली असतील. शिवूला त्याची आई बादलीशेजारी उभं करायची आणि हातात एक मग द्यायची. मला ते बघवेना. मी म्हटलं, आण इकडे.

तेरा महिन्यांचं पोर पायांवर मावत नाही. ते उलटं पडून असं ओरडलं की शेजारणीने दार वाजवलं. सुवर्णा बाहेरून म्हणाली, "आई, बास आता."

"रडतात गं. मग बघ कसा झोपतो."

झोपला, दोन तास. मी पदर खोचून सगळ्या घरात मिरवले. उठल्यावर त्याने मला पाहिलं आणि भोकाड पसरलं ते आई येईपर्यंत. त्यानंतर तो माझ्या वाऱ्यालाही उभा राहीना.

मग मी काय करणार, लांबून बघत बसले. आणि बघता बघता थक्क झाले. आपण लेकरं वाढवली, पण त्यांच्याकडे बघायला आपल्याला कधी सवड होती? शिवू उठला की आधी पंख्याला हात हलवतो. पंखा फिरला तर हसतो, नाही फिरला तर वाट बघतो. कांद्याची टरफलं एकेक करून खिडकीच्या गजातून वाऱ्यावर सोडतो आणि ती खाली कुठं गेली, हे गजाला डोकं लावून शोधतो. लाटणं बुटात, बूट बादलीत, बादलीचं झाकण डोक्यावर. दहा पावलं चालतो, पडतो, आणि पडला त्या जागेलाच एखादी मुंगी सापडते. मग अर्धा तास मुंगी.

संध्याकाळी तो बटाट्यांची टोपली ओढत आणतो आणि वाटप करतो. एक आईला, एक बाबाला, एक टीव्हीला, एक बाथरूमच्या दाराला. मी तिथेच बसलेली. माझ्यासमोरून टोपली सरळ पुढे जायची.

"आई, तुम्हाला पंगतीतून उठवलंय," महेशराव म्हणाले.

"वाढपी तुमच्याच घरचा आहे," मी म्हटलं. हसले, पण आत काहीतरी खुपलं.

रविवारी सगळे राजोडीच्या समुद्रावर गेलो. मला वाटलं, नवी जागा बघून पोर विसरेल. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि माझे पायच थांबले. खिडकीतून दिसली होती ती कड. इथे पाणी सगळीकडून येत होतं. येतं, पायाशी मोडतं, माघारी जातं, परत येतं, कुणी बोलावलं नाही, कुणी थांबवलं नाही. आमच्याकडे हंडाभर पाण्याला दोन शेतं ओलांडलेली बाई मी. शेजारी बापाच्या कडेवर शिवूचंही तोंड उघडं. तोही पहिल्यांदाच आला होता. वर्षभरात कुणाला वेळ झाला नव्हता. आम्ही दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघत होतो. मी हळूच हात पुढे केला. त्याने बापाच्या मानेत तोंड खुपसलं.

शुक्रवार उजाडला. सुवर्णाने मोबाइल माझ्यापुढे धरला. इंग्रजी मजकूर होता. "राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी सकाळी पाठवीन." आवाज अगदी साधा ठेवला होता तिने. मी डाळ निवडत होते, तीच परत निवडली.

इमारतीच्या फाटकाशी जवळच्या गास गावाहून एक भाजीवाली येते, कुंदाताई. माझ्याच वयाची असेल. अळू, केळफूल, पांढरी वांगी, वर मोगऱ्याचे गजरे. शिवू तिच्याकडे असा झेपावतो की काय सांगू. त्या दिवशी तिने त्याला कडेवर घेऊन मला विचारलं, "आजीकडं नाय येत काय हा?"

मी सगळं सांगितलं. पाट, पाय, कढत पाणी, धुरी.

ती हसायला लागली ती थांबेचना. "अवो, त्याला तुमी कढईवानी घासलात. परत कसा येल?" मग गजरा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "उद्या वाडीत या माझ्या. पानी सोडनार हाय केळींना. त्याला घेऊन या."

शनिवारी सुवर्णा, शिवू आणि मी रिक्षाने गासला गेलो. नालासोपाऱ्याच्या इमारती संपल्या कुठे ते कळलंच नाही. एक वळण घेतलं आणि एकदम केळी, त्यांच्यामागे नारळ, नारळावर चढलेले विड्याच्या पानांचे वेल. रिक्षाचा आवाज बंद झाला तेव्हा पक्षीच पक्षी. वाडीच्या मागे बावखल (गोड्या पाण्याचं छोटं तळं), त्यात आभाळ पडलेलं. समुद्र इतका जवळ आणि हे पाणी गोड. मी ओंजळीत घेऊन चाखलं, तरी खरं वाटेना.

कुंदाताईने पंप चालू केला. पाणी पाटातून (म्हणजे केळींमधून खणलेल्या उथळ चरातून) धावत आलं, पुढे वाळकी पानं ढकलत. शिवूने चड्डीसकट त्यात बसकण मारली. कुंदाताईने त्याला नारळाची करवंटी दिली. त्याने पाणी भरलं, मातीवर ओतलं. भरलं, कोंबडीवर ओतलं. कोंबडी ओरडत गेली, हा खदखदून हसला.

मी केळीआड उभी.

"बसा की पान्यात," कुंदाताई म्हणाली.

"लुगडं भिजेल."

"भिजलं तर वाळंल. तुमचं पोर मोठं झाल्यावर बसनार काय?"

सुवर्णा माझ्याकडे बघत राहिली.

मी बसले. दुसरं कसं बसता येतं मला. पाय लांब करून बसले, न्हाऊ घालताना बसते तसंच. शिवूने माझे पाय पाहिले आणि त्याचं हसू गेलं. ओळखले त्याने. करवंटी छातीशी धरून तो कितीतरी वेळ त्या पायांकडे बघत होता. मी हात मागे बांधले. बोलावलं नाही, चुटक्या वाजवल्या नाहीत, काही नाही.

मग तो उठला, दोन पावलं आला आणि करवंटीभर पाणी माझ्या अंगठ्यावर ओतलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. परत भरून आणलं, घोट्यावर. मग गुडघ्यावर. पुढच्या वेळी माझ्या खांद्याचा आधार घेतला, टाचा उंचावल्या आणि डोक्यावर ओतलं.

मी डोळे मिटले होते. पाणी थंड होतं. पुढचं कधी पडणार ते कळत नव्हतं, आणि खरं सांगते, सहासष्टाव्या वर्षी मला जरा भीती वाटली. पायांवर पालथ्या पडलेल्या लेकराला पाणी कुठून येतंय ते दिसत नाही. चाळीस लेकरं न्हाऊ घातली, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

डोळे उघडले तर शिवू चिखलाचा हात माझ्या केसांवर चोळत होता, मन लावून, जीभ बाहेर काढून, अगदी तेल लावल्यासारखा. मग थांबला. करवंटी माझ्यापुढे धरली.

"दा," म्हणाला.

मी घेतली. त्याच्यावर ओतली नाही. भरली आणि स्वतःच्याच डोक्यावर ओतली. असा हसला की काठावर बसलेल्या कुंदाताईलाही पदर तोंडाला लावावा लागला. मग तासभर तो मला न्हाऊ घालत होता. पंप बंद झाला तेव्हा पाट आटला आणि तो रागावून माझ्याच मांडीवर येऊन बसला. सुवर्णाने तिकडे तोंड फिरवून नाक पुसलं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि अळूचं फदफदं. पांढरी, मऊ भाकरी, जोंधळ्याच्या हाताला ती लाजल्यासारखी वाटते. निघताना सुकेळी (राजेळी केळी उन्हात वाळवून करतात) दिली. शिवूने एक चोखत चोखत आणली आणि अर्धी माझ्या तोंडात घातली. करवंटी त्याने सोडली नाही. कुंदाताई म्हणाली, "न्या. नारळ काय कमी हायेत?"

सोमवारी सकाळी सुवर्णा निघाली तेव्हा तो दारापाशी रडला. मी आत गेले नाही, त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने तो उठला, टोपली ओढत आणली आणि एक बटाटा माझ्या मांडीवर ठेवला. मग आंघोळ. तो बादलीशेजारी उभा, मी पाटावर. आधी माझ्या पायांवर दोन करवंट्या, नंतर तो. रोज असंच. दुपारी सुवर्णाचा फोन आला. "आई, ते लिहिलेलं मी पुसून टाकलं."

आता सुवर्णाला चार दिवसांची जोडून सुट्टी मिळाली म्हणून मी घर आवरायला बार्शीला आले आहे. दाणे पाखडून डबे लावले, एक किल्ली जावेकडे दिली. गल्लीतल्या बायका विचारतात, विरार कसं आहे? मी समुद्राचं सांगते, बावखलाचं सांगते. ते सांगता येतं. पंखा फिरेपर्यंत वाट बघणारं पोर कसं दिसतं, ते काही मला सांगता येत नाही.

धुपारणी पुसून फळीवर ठेवली. कुणाच्या घरी लेकरू झालं तर खुशाल घेऊन जा. न्हाऊ घालताना मात्र तोंड आपल्याकडे करून धरा आणि आधी पाणी दाखवा. परवाच्या गाडीची पिशवी भरून झाली आहे. काल नारळ फोडला, तेव्हा एक करवंटी आतून बाहेरून घासून ठेवली. तिकडे त्याची आहे. ही माझी.