वीरप्पांच्या तीन फेऱ्या

वीरप्पा मला पहिल्यांदा भेटले ते जळकोटच्या बसस्टँडवर, आणि माझा गुन्हा इतकाच होता की मी त्यांना किती वाजले असं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली. हे बघणं माझ्या चपलांपासून सुरू झालं. नजर गुडघ्यापर्यंत येईतो उमरग्याची गाडी येऊन गेली, कमरेपर्यंत येईतो सोलापूरची. पोटाशी ते जरा रेंगाळले, कारण तिथं बघण्यासारखं बरंच आहे. शेवटी नजर चष्म्यापर्यंत पोचली तोवर स्टँडवरची एक शेळी व्याली होती, आणि तिची करडं उभी राहून माझ्याकडे संशयानं बघायला लागली होती. मग वीरप्पांनी घड्याळ असलेला हात पाठीमागे नेला आणि विचारलं, "कशाला पायजे?"

मी म्हणालो, सहज.

"सहज कुनी टाइम इचारत न्हाय," ते म्हणाले, आणि तिथून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता आम्ही रोज संध्याकाळी एकत्र चहा पितो. किती वाजले ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

वीरप्पा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, एकही अपघात नाही. लोक याला कौशल्य म्हणतात. वीरप्पांच्या मते हे निव्वळ संशयाचं फळ आहे. समोरून येणारा प्रत्येक जण पिऊन आलाय, पुढच्या ट्रकचे ब्रेक गेलेत, कडेला उभी म्हैस फक्त आपलीच वाट बघतेय, असं धरून चालायचं. ही पद्धत हायवेवर फारच उपयोगी. अडचण एवढीच झाली की रिटायर झाल्यावर त्यांनी ती घरात आणली. बायको रुद्रम्मा आमटीत मीठ टाकते तेव्हा ते अजून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. चाळीस वर्षांचा संसार, पण रुद्रम्माबाई वाईट वाटून घेत नाहीत. म्हणतात, "माझ्यावर न्हाय ओ संशय त्यांचा, मिठावर हाय." किरकोळ संशय वीरप्पा मराठीत घेतात. प्रकरण गंभीर असलं की कानडीवर जातात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काढलेला मोतीबिंदू प्रत्यक्ष दाखवा, असा त्यांनी डॉक्टरांना आग्रह धरला होता. डॉक्टरांनी कसंबसं समजावलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी वीरप्पांनी मुलाची पांढरी गाडी रिव्हर्स घेताना फाटकाच्या भिंतीला लावली. भिंतीचा टवका गेला, गाडीचा दिवा गेला. वीरप्पांचं म्हणणं, भिंत आधी तिथं नव्हती. पण मुलगा शिवकुमार वीज कार्यालयात नोकरीला, पुराव्यानं बोलणारा माणूस. त्यानं गाडीची किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली खिशात.

एकतीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं ज्याच्या भरवशावर झोपा काढत तुळजापूरचा घाट उतरली, त्या माणसाला घरातली चार सीटची गाडी मिळेना. त्या दिवसापासून वीरप्पांचं एकच काम: किल्ली परत मिळवणं. सकाळी मागायची, जेवताना मागायची, शिवकुमार डबा घेऊन निघाला की फाटकात उभं राहून मागायची. मी मध्यस्थी करायला गेलो तर शिवकुमार बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, गाडीचं काय न्हाय ओ. अप्पाला काय झालं तर?" हे मी वीरप्पांना सांगितलं. त्यांना त्यातही काहीतरी काळंबेरं दिसलं.

अशात आमच्या हायवेला एक प्रकरण उगवलं. जळकोटच्या अलीकडे कुणा बिल्डरनं कधीकाळी मोठी वसाहत काढली होती. कमान झाली, आतले रस्ते झाले, वळणांवर पांढरे पट्टेही मारले; घरं तेवढी बांधायची राहिली. त्या मोकळ्या रस्त्यांवर पुण्याची एक कंपनी रविवारी 'ट्रॅक डे' करणार होती. म्हणजे असं, की ट्रकवर घालून रेसच्या गाड्या आणायच्या, ज्याला हौस आहे त्यानं भाड्यानं घेऊन तीन फेऱ्या मारायच्या, शेजारी कंपनीचा शिकवणारा माणूस बसणार. गावात तीन तट पडले. एकाचं म्हणणं, सिनेमाचं शूटिंग आहे. दुसऱ्याचं, जमीन मोजायला आलेत. तिसरा तट एकट्या वीरप्पांचा होता आणि त्यांचं मत अजून ठरायचं होतं.

ते शिवकुमारनं ठरवलं. एका संध्याकाळी वैतागून तो बोलून गेला, "अप्पा, तिथं जाऊन तीन फेऱ्या मारा. शेजारी बसलेला माणूस म्हनला का तुम्ही गाडी चालवायला फिट हाव, तर किल्ली मी सोता तुमच्या हातात देतो. न्हाय म्हनला तर परत इषय काढायचा न्हाय."

दुसरा बाप असता तर आनंदानं उडाला असता. वीरप्पा रात्रभर कानडीत पुटपुटत राहिले, असं रुद्रम्माबाईंनी सांगितलं. सकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, लई सहज बोलला पोरगा. दोन वर्षं नाही म्हणणारा माणूस एका मिनिटात हो कसा म्हणतो? ह्याचा अर्थ शेजारी बसणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवलंय. साक्षीदार म्हणून मी बरोबर यावं, असं ठरलं. माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता, पण दुसरा माणूस रविवारी मोकळा नव्हता.

कमानीखाली मांडव घातला होता. शेजारी बसणारा माणूस ही एक मुलगी निघाली. दीक्षा नाव, तेर गावची, मोटारींचा डिप्लोमा केलेली, डोक्यावर टोपी, बोलायला चटपटीत. तिनं पुढे केलेला फॉर्म वीरप्पांनी पाऊण तास वाचला. 'स्वतःच्या जबाबदारीवर' यातला 'स्वतःच्या' खोडून तिथं 'कंपनीच्या' असं लिहिलं. दीक्षानं शांतपणे नवा फॉर्म दिला. मग त्यांनी सही कानडीत केली. मला कानात म्हणाले की नंतर कुणी दाखवली तर आपली नाही म्हणता येतं.

गाडी लालभडक होती, आणि पोट जमिनीला टेकवून बसल्यासारखी दिसत होती. वीरप्पांनी डेपोतल्या शिस्तीनं तिच्याभोवती फेरी मारली. चारही टायर बुटानं ठोकून बघितले. खाली वाकून ऑइल गळतंय का बघितलं. मग डिकी उघडायला लावली, तर आत इंजिन. पुढचं बॉनेट उघडायला लावलं, तर आत काहीच नाही.

"स्टेपनी कुठाय?"

"या गाडीला नसते, काका."

वीरप्पांनी माझ्याकडे बघितलं. ज्याच्या मनातला संशय पुराव्यासकट समोर आला, अशा माणसाचं ते बघणं होतं. पुढे गिअरची दांडीही नाही असं निघालं. स्टिअरिंगच्या मागं दोन पात्या होत्या, त्या ओढायच्या. मग त्यांनी हेल्मेट हुंगून बघितलं. दीक्षा सगळ्यांना खिशातलं, गळ्यातलं काढून ठेवायला सांगत होती. वीरप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगितलं, हे निघत नाही. ती म्हणाली, बरोबर आहे, नका काढू, आणि पट्टा त्याच्या बाजूनं सैल करून बांधला. वाद झाला नाही म्हणून वीरप्पा आणखी सावध झाले.

आत बसले. म्हणजे आधी एक पाय गेला, मग थोडा वेळ कुणीच गेलं नाही, मग आम्ही दोघांनी मिळून उरलेले वीरप्पा आत घातले. इंजिन सुरू झालं. मांडवातल्या पाण्याच्या जारमध्ये तरंग उठले. समोरच्या माणसानं हिरवा झेंडा हलवला.

गाडी हलली नाही.

दीक्षा म्हणाली, चला काका. गाडी हलली नाही. झेंडेवाल्यानं झेंडा दुसऱ्या हातात घेऊन हलवला. दीक्षानं पुन्हा सांगितलं, ब्रेकवरचा पाय काढा. वीरप्पा समोर बघत ताठ बसलेले. नंतर मला त्यांनी सांगितलं की पाय उचलायचा म्हणून उचलेना. पायाला काहीतरी ऐकू यायचं राहिलं होतं.

दीक्षानं विचारलं, "काका, एसटीत होता का तुम्ही?"

"तुला कुनी सांगितलं?"

तिनं हात बाहेर काढला आणि दारावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक टक.

गाडी निघाली. एसटीत कंडक्टरनं एक घंटी दिली की थांबायचं आणि दोन दिल्या की निघायचं, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण एकतीस वर्षं रोज ऐकल्यावर ते माणसाच्या कानाला कमी आणि पायाला जास्त माहीत होतं. दीक्षाचे वडील प्रेमानंद कंडक्टर होते, हे नंतर कळलं. वीरप्पांना त्या वेळी एवढंच वाटलं, की माहिती घरातून फुटली.

पहिली फेरी बघण्यासारखी होती. ताशी तीनशेला जाणारी गाडी वीरप्पांनी तिसाला नेली. प्रत्येक वळणाला इंडिकेटर, प्रत्येक वळणाला हॉर्न, वर खिडकीतून हात. मागून एक पिवळी गाडी कर्कश आवाज करत पुढे गेली; तीत सोलापूरचे एक दातांचे डॉक्टर होते आणि त्यांनी जाताना हात हलवला. हा हात वीरप्पांना लागला.

दुसऱ्या फेरीत आवाज बदलला. लाल गाडी वळणावर आली आणि जराही न डगमगता, पोळपाटावरून पोळी सरकावी तशी निघून गेली. मांडवातली माणसं उभी राहिली. घाटात रिकामी आणि भरलेली गाडी वेगवेगळी कशी झुकते हे ज्याच्या पाठीला माहीत आहे, त्याला ही वळणं म्हणजे अंगण होतं. वळणाआधी वेग कमी, वळणात पाय स्थिर, वळण सुटलं की जोर. मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पाण्याच्या टँकरमागे कुणीतरी उभं दिसलं. शिवकुमार होता. ऑफिसचं काम आहे सांगून घरून निघालेला. नजर लाल गाडीवर.

"मास्तर, अप्पाला सांगू नका मी आलोय म्हनून," एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर वीरप्पांनी पिवळ्या गाडीला मागं टाकलं. मांडवात एक शिट्टी वाजली. आणि नेमकं तेव्हा गाडीतलं पेट्रोल कमी झालं. अशा गाड्या पेट्रोल कमी झालं की सांगतात. या गाडीनंही सांगितलं. टिंग. एकदा.

वीरप्पांनी इंडिकेटर दिला, गाडी डावीकडे घेतली आणि कचकन उभी केली.

मागून येणाऱ्या डॉक्टरांच्या टायरची किंकाळी हायवेपर्यंत गेली. पिवळी गाडी लाल गाडीला वीतभर जागा सोडून निसटली आणि रस्ता सोडून शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या गवतात जाऊन थांबली. डॉक्टर बाहेर आले, स्वतःचे हातपाय मोजले आणि खाली बसले. कुणाला काही लागलं नव्हतं.

आम्ही धावत पोचलो. वीरप्पा स्टिअरिंग धरून बसले होते. दीक्षा विचारत होती की काका, का थांबलात.

"घंटी दिली की कुनीतरी."

मग त्यांना टँकरकडून धापा टाकत आलेला शिवकुमार दिसला. त्याही अवस्थेत त्यांनी मला नजरेनं विचारलं: ह्यात पोराचा हात हाय म्हनून सांगितलं नव्हतं?

गाडीतून त्यांना बाहेर काढायला तिघं लागलो. शिवकुमारनं बापाचे खांदे, हात, पाठ चाचपून बघितली आणि बाजूला उभा राहिला. दीक्षानं टोपी काढली. ती म्हणाली की नजर चांगली आहे, हात चांगला आहे, वळणं तर तिनं आजवर शेजारी बसून अशी बघितलेली नाहीत. घंटीचं काय, ती सवय आहे; घरच्या गाडीत थोडं चालवलं की जाईल. तिच्या मते काका फिट आहेत. तिनं तसं कागदावर लिहिलं आणि सही केली.

शिवकुमारनं खिशातून किल्ली काढली. दिलेला शब्द पाळणारा मुलगा आहे. त्यानं ती पुढे केली.

वीरप्पांनी कागद घेतला, उलटसुलट बघितला. मला वाटलं, आता विचारणार की हिला पास करायला किती लवकर सुचलं, कुणी शिकवलं. त्यांनी दीक्षाकडे बघितलं. तीच ती स्टँडवरची नजर, चपलेपासून वर जाणारी. पण अर्ध्यावर ती वळली आणि त्यांच्या स्वतःच्या बुटांवर येऊन थांबली.

"म्या आरशात बघितलंच न्हाय," ते म्हणाले. "थांबायच्या आधी मागं कोन हाय बघायला पायजे होतं. एकतीस वर्सं बघितलं."

दीक्षा म्हणाली, होतं असं एखाद्या वेळी.

"होत न्हाय, बाई," वीरप्पा म्हणाले. "सगळ्या जगावर नजर ठिवली म्या. ह्या एका ड्रायव्हरवर कधी ठिवली न्हाय."

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी घालून शिवकुमारच्या खिशात ठेवली. किल्ली घेतली नाही. मग गवतात जाऊन दातांच्या डॉक्टरांना हात धरून उठवलं, त्यांच्या पँटचं कुसळ झाडलं आणि त्यांना विचारलं की तुमी तरी पुढच्या गाडीला एवढं चिकटून का येत होता.

घरी जाताना गाडी शिवकुमारनं चालवली. वीरप्पा मागे माझ्या शेजारी बसले होते. प्रत्येक वळणाला ते मान काढून शिवकुमारच्या आरशात बघत होते.

मार्चमध्ये त्यांच्या लायसनची मुदत संपली. नूतनीकरणाचा अर्ज त्यांनी केला नाही.