क्लॅम्पवर कोण होतं?

दयारामभाऊ पाखरे हातपंप दुरुस्त करणारे मिस्त्री. घर मलकापूरला, नोकरी सरकारी पथकात. सकाळी पथकाची गाडी निघते, पंप बंद पडलेल्या गावी जाते. तिथे तिवई उभी करायची, बोअरमधून एकेक पाइप वर घ्यायचा, झिजलेला वॉशर बदलायचा आणि पाइप पुन्हा खाली सोडायचे. हे काम त्यांनी तीस वर्षांहून जास्त केलं.

आमच्या चर्चमध्ये ते माझ्या पुढच्या बाकावर बसतात, म्हणून मला हे सगळं ठाऊक आहे. काही डोळ्यांनी पाहिलं, काही त्यांनी सांगितलं, काही त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी.

रोज सकाळी चहाच्या आधी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, ही त्यांच्या घरातली वडिलांपासूनची रीत. बेबीताई कणीक मळता मळता ऐकतात. दयारामभाऊ दारू पीत नाहीत, शिवी देत नाहीत. पथकात दुसरं कोणी ख्रिस्ती नाही, पण त्यांना सगळे मानतात. “पाखरे खोटं बोलणार नाही,” असं ऑफिसात त्यांच्याबद्दल सहज म्हटलं जायचं. एका माणसाचं नुकसान झालं ते याच बोलण्यामुळं.

दोन हजार तेराचा मे महिना होता. मोताळ्याकडच्या सावरटेक गावात पंप बंद पडला म्हणून पथक गेलं. दयारामभाऊंच्या जोडीला प्रसेनजित इंगळे नावाचा कंत्राटी मिस्त्री होता. तीस वर्षांचा, हाताला साफ, आणि गाव त्याचं स्वतःचंच. वरचा पाइप पान्यानं खोलायचं काम प्रसेनजितकडं होतं. खालचे सगळे पाइप ज्याच्या जोरावर लटकलेले असतात त्या क्लॅम्पची मूठ दयारामभाऊंच्या हातात होती.

कोणाच्या तरी घरून चहा आला. दयारामभाऊंनी एक हात मोकळा करून कप घेतला. दुसऱ्या हाताची पकड जराशी ढिली पडली. क्लॅम्प उघडला आणि अकरा पाइप, रॉड आणि सिलेंडरसकट बोअरमध्ये गेले. एक लांबलचक आवाज झाला आणि मग काहीच नाही. तिथे जमलेल्या सगळ्यांनी भोकाकडं पाहिलं. दयारामभाऊंच्या हाताकडं फक्त प्रसेनजितचं लक्ष होतं.

तीन दिवस गळ टाकून पाहिला, पाइप काही निघाले नाहीत. बोअर वाया गेला. चौथ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं.

“क्लॅम्पवर कोण होतं?”

“पाखरे मिस्त्री होते साहेब,” प्रसेनजित म्हणाला.

साहेबांनी दयारामभाऊंकडं पाहिलं. त्या महिन्यात दयारामभाऊंचं नाव हेडमिस्त्रीच्या जागेसाठी गेलेलं होतं. त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही, ‘हो’ही म्हटलं नाही. नुसती मान वळवून प्रसेनजितकडं पाहिलं. साहेबांना जे समजायचं ते समजलं. प्रसेनजितचं कंत्राट त्याच आठवड्यात संपलं. दयारामभाऊ जुलैत हेडमिस्त्री झाले.

सावरटेकच्या बायका तो सगळा उन्हाळा नाल्याकडच्या विहिरीवर जात राहिल्या. जायला पाऊण तास, यायला त्याहून जास्त. त्या रांगेत प्रसेनजितची आई भिमाबाई असायची. “तुह्या पोरानं गावाचं पाणी बुडवलं,” हे तिला तोंडावर ऐकावं लागायचं. पाऊस लागायच्या आत प्रसेनजित गाव सोडून देऊळगाव राजाला गेला आणि तिथे त्यानं मोटर भरायचं दुकान टाकलं. एकदा जालन्याला जाताना बसच्या खिडकीतून दयारामभाऊंना त्या दुकानाची पाटी दिसली होती. त्यांनी मान खाली घातली ती गाव मागं पडेपर्यंत.

सकाळचा अध्याय मात्र या अकरा वर्षांत एक दिवसही चुकला नाही.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात आमच्याकडं कापणीचा सण होता. या रविवारी जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी घेऊन येतो आणि वेदीपुढं ठेवतो. दयारामभाऊंनी नव्या ज्वारीची पिशवी आणि दोन भोपळे आणले होते. त्या दिवशी शास्त्रवाचनाची पाळीही त्यांचीच होती. पाळकसाहेबांनी नेमून दिलेला भाग येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये, अशा अर्थाचा.

हे त्यांनी आयुष्यात कितीतरी वेळा वाचलं असेल. नंतर मला म्हणाले, “मले वाटे, आपला कोणावर राग नाही, म्हणजे हे आपल्यासाठी नाही. त्या दिवशी समजलं, तिथं माह्या रागाचं लिहेलच नाही. त्याच्या मनात काय हाये ते इचारलं हाये.”

वाचता वाचता त्यांचा आवाज बंद झाला. आम्हाला वाटलं ओळ चुकली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, पुस्तक मिटलं, पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेनं सरळ दाराबाहेर गेले. बेबीताई चप्पल हातात घेऊन मागं धावल्या.

बसस्टँडवर पोचेपर्यंत त्यांनी बेबीताईंना सगळं सांगितलं.

“अकरा वर्षं तुमी मले सांगतलं नाही?” बेबीताई म्हणाल्या.

“कोणालेच नाही सांगतलं.”

“मंग आता उपासना सोडून जायचं काय अडलं? उद्या जा. जेऊन जा.”

“उद्या मी जाणार नाही, बेबी. मले माहा सोभाव माहीत हाये.”

बुलढाण्याची बस लागली होती. ते चढले. बेबीताई एकट्या परत आल्या आणि उरलेली उपासना त्यांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकली.

देऊळगाव राजाला पोचायला तीन वाजले. रब्बीचे दिवस, शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी दुकानाबाहेर रांगेनं ठेवलेल्या. प्रसेनजित आत तांब्याची तार गुंडाळत बसला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्यानं वर पाहिलं आणि ओळखलं.

“या मिस्त्री. मोटर आणली का?”

“मोटर नाही. तुह्याशी बोलाचं होतं.”

“बोला.”

त्यानं ‘बसा’ म्हटलं नाही. दयारामभाऊ उभ्या उभ्या बोलले. क्लॅम्प माझ्या हातून सुटला, साहेबांपुढं मी गप्प राहिलो, तुझी भाकर गेली, हे मला माहीत होतं, तरी इतकी वर्षं मी आलो नाही. बोलताना त्यांनी शास्त्राचं नावही काढलं नाही. तेवढं एक बरं केलं, असं ते अजून म्हणतात.

प्रसेनजितचे हात तारेवर चालूच होते. मान वर न करताच तो बोलला.

“मले काऊन सांगता? मी तर तिथंच होतो. मले माहीतच हाये.”

“माफी मागाले आलो.”

“माफ केलं असं मी म्हणत नाही. उगाच काऊन म्हणू? तुमाले आज बरं वाटीन, तुमी बसमध्ये बसून चालले जासान.” त्यानं तार तोडली. “माह्या मायले जाऊन सांगा. मी तिले शंभरदा सांगतलं. ती म्हणे, पाखरे मिस्त्री देवाधर्माचा माणूस, तो काऊन खोटं दाखवीन? तुहंच चुकलं असीन. माह्या सख्ख्या मायनं तुमच्यावर इस्वास ठेवला, माह्यावर नाही ठेवला.”

दयारामभाऊ म्हणतात, नोकरी गेल्याचं ऐकायची तयारी करून गेलो होतो, हे ऐकायची नव्हती. निघताना प्रसेनजितनं त्यांना पाणी दिलं. एवढंच.

मंगळवारी सुटी टाकून ते सावरटेकला गेले. भिमाबाई आता सत्तरीच्या, एकट्या राहतात. ओट्यावर तूर पाखडत होत्या.

“जय भीम, मावशी.”

“जय भीम. कोण, मिस्त्री? या, बसा. लय वर्सानं.”

दयारामभाऊ ओट्याखालीच बसले. त्यांनी सगळं सांगितलं. भिमाबाईंचा हात सुपावर थांबला.

“मंग त्या दिवशी काऊन नाही बोलले?”

“भेलो, मावशी.”

“आता नाही भेत?”

“आता बी भेऊन राह्यलो.”

भिमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि उठल्या. “चला माह्यासंगं,” म्हणाल्या.

गावात आता पाण्याची टाकी आहे. तिच्या नळांवर सकाळी बायकांची गर्दी असते. भिमाबाईंनी दयारामभाऊंना तिथं नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, “आयका वं बायांनो. हा माणूस काय सांगते ते आयका.”

दयारामभाऊ आमच्या चर्चमध्ये दोन-दोनशे माणसांपुढं वाचतात. तिथं दहा-बाराच बायका होत्या, तरी त्यांनी सुरुवात अगदी हळू आवाजात केली. नळ वाहत राहिले. एकीनं ते बंद केले तेव्हा कुठं त्यांचा आवाज लोकांना ऐकू आला. “तेरा सालचा बोअर माह्या हातानं गेला. चहाचा कप घ्याले म्या क्लॅम्पवरचा एक हात सोडला. प्रसेनजितचा त्यात काही दोष नव्हता. साहेबांपुढं मी गप्प बसलो.”

केसरबाई नावाची एक बाई पुढं आली. विहिरीच्या रांगेत भिमाबाईंना सगळ्यात जास्त बोलली होती ती हीच. “त्या उन्हायात माही सून पोटुशी होती,” ती म्हणाली, “दोन हंडे घिऊन ती नाल्यावरून चढे. तुमी तवा चहा पेत होते.”

“हो,” दयारामभाऊ म्हणाले.

केसरबाईनं आणखी बरंच ऐकवलं. मग तिची नजर भिमाबाईंवर गेली, तसा तिनं हंडा उचलला आणि ती घरी गेली. दुसऱ्या बायकाही पांगल्या. भिमाबाई तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, “पोराले फोन लावून द्या. मले लावता येत नाही.” दयारामभाऊंनी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि ते दूर जाऊन उभे राहिले. मायलेकांचं काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही.

आता ऑफिस राहिलं होतं. बेबीताईंचा त्याला कडक विरोध होता. “त्याच्या मायले सांगतलं, गावाले सांगतलं. आता कागद कायले? नोकरीची दोन वर्षं राह्यली. त्याले कोणी परत घेणार हाये का?”

“घेणार नाही. पण कागदावर त्याचं नाव खराब हाये, आणि ते म्या केलं.”

नवे इंजिनिअरसाहेब वयानं लहान होते. दयारामभाऊंनी झालं ते सगळं लिहून दिलेला अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. “पाखरे, ही फाइल आता कोणाला हवी आहे? तो माणूस तक्रार करत नाही. तुम्ही कशाला ओढवून घेता?”

“साहेब, तुमी नुस्ता आवकमध्ये घ्या.”

साहेबांनी घेतला. पुढं रीतसर चौकशी झाली आणि बोअर प्रसेनजितच्या चुकीनं गेला नव्हता, असं कागदावर आलं. दयारामभाऊंना ताकीद मिळाली आणि हेडमिस्त्रीचं काम त्यांच्याकडून काढून रवी नावाच्या मिस्त्रीकडं गेलं. रवीला काम त्यांनीच शिकवलं होतं. आता तो सांगेल त्या गावाला जायचं. पहिला महिना त्यांना जड गेला. घरी चिडचिड व्हायची, एकदा ताट सरकवून उठले. बेबीताईंनी विचारलं, “आता काय, शास्त्र वाचून पस्तावता का?” ते म्हणाले, “थोडंसं.” आणि परत येऊन जेवले.

चर्चमध्ये त्यांची ज्वारी आणि भोपळे पाळकसाहेबांनी वेगळे काढून ठेवले होते. चौकशीचा कागद आल्यानंतरच्या रविवारी दयारामभाऊंनी ते स्वतः वेदीपुढं ठेवले. पाळकसाहेब म्हणाले, या सगळ्याची साक्ष सगळ्यांपुढं द्या, लोकांना उत्तेजन मिळेल. दयारामभाऊ तयार झाले नाहीत. जी साक्ष तेव्हाच द्यायला हवी होती ती अकरा वर्षं उशिरा दिली, आता तिची शोभा कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. मी ही हकिकत लिहितो आहे म्हटल्यावरही ते खूश झाले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, “केसरबाईचं लिहा. ते सोडू नका.”

ऑफिसच्या कागदाची एक प्रत त्यांनी देऊळगाव राजाला पोस्टानं पाठवली. आठ दिवसांनी प्रसेनजितचा फोन आला. “कागद भेटला. आणखी एक पाठवा, मायसाठी.” एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. दयारामभाऊंनी दुसरी प्रत पाठवली. त्यानंतर वर्षभर दोघांत काहीच नव्हतं. समेट झाला की नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “माह्या हातातलं मी केलं. त्याच्या हातातलं त्याच्या हातात हाये.”

गेल्या हिवाळ्यात भिमाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन मलकापूरला ठरलं. प्रसेनजित त्यांना घेऊन आला आणि दुपारी त्यानं दयारामभाऊंना फोन केला.

“मिस्त्री, मायले इथं चार दिवस ठेवतीन म्हणते. हाटेलचं तिले पचत नाही. तुमच्या घरून भाकर भेटीन का?”

दयारामभाऊ गावोगाव फिरतीवर होते, म्हणून डबा बेबीताईंनी नेला. मऊ ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, बिनतिखटाचा दुधी. भिमाबाईंनी एका डोळ्यावर पट्टी असताना पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “बाई, मीठ कमी हाये.”

दुसऱ्या दिवशी बेबीताईंनी मिठाची पुडी सोबत नेली. पाचव्या दिवशी भिमाबाई गावी गेल्या. जाताना प्रसेनजितनं डबा घासून, पुसून स्वतः घरी आणून दिला. दयारामभाऊ तेव्हा घरी होते. तो आत आला, खुर्चीवर बसला आणि चहा घेऊन गेला.