‘नक्की’ न म्हणणाऱ्या बाई

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध दाखल; जबाबदार, विद्यापीठाची आवक शाखा. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी परत. जबाबदार, छाननी समिती. होळीच्या आठवड्यात पुन्हा परत, जबाबदार, कुलसचिव. आणि या सर्व काळात सल्ला देणारा मी, अमरावतीच्या न्यायालयातला निवृत्त अधीक्षक.

बाईंनी आयुष्यात ‘नक्की’ म्हटले नाही. त्या अकोटला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत, माहेर भाजीवाल्यांचे. दुकानावर बसवले की आई चिडे, “अवं, वांगे ताजे हायेत म्हन ना गिऱ्हाइकाले!” बाई म्हणत, “सकायी होते, माय.”

त्यांचा विषय होता दूरच्या दीर्घिकांतून येणारे न्यूट्रिनो. अर्ज लिहून घ्यायला दर शनिवारी एसटीने माझ्याकडे येत, तेव्हा समजावीत, “काका, हा कण निघते एका रूपात, अन् वाटेनं तीन रूपांत पसरत जाते. तो पसारा किती गुंतागुंतीचा झाला, थे मी मोजून राहिली. त्यावरून तो कशातून निघाला असंन, याचा अंदाज लागू शकते.”

“शकते की लागतो?”

“तुमी कोर्टातले माणसं! आरोपीच पाह्यजे तुमाले.”

प्रबंधासोबतच्या प्रतिज्ञापत्रात छापील वाक्य होते: ‘निष्कर्ष पूर्णतः सत्य आहेत.’ बाईंनी ते खोडून लिहिले, ‘आजच्या मोजमापानुसार संभवनीय आहेत.’ तेवढ्यावरून प्रबंध दोन्ही वेळा परत. विद्यापीठातला कारकून म्हणाला, “मॅडम, सही करा अन् मोकळ्या व्हा. कोन वाचते?”

त्यांनी मला विचारले, “काका, करून टाकू काय सही?”

मी म्हणालो, “मुळीच नाही. खोडले ते योग्यच आहे. मी लिहितो त्यांना.” मी अकरा पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. तोवर बाईंची मूत्रपिंडे निकामी झाली. अकोल्याच्या रुग्णालयात त्या मला म्हणाल्या, “पदवीचं राहू द्या, काका. कोनी एकानं वाचलं असतं, तरी झालं असतं.” त्याच आठवड्यात त्या गेल्या. माझा सल्ला कायद्याने निर्दोष होता. त्याने त्यांचे उरलेले वर्ष खाल्ले.

तेराव्यानंतर विद्यापीठाचे पत्र आले: ‘त्रुटीपूर्ततेसाठी उमेदवाराने जातीने उपस्थित राहावे.’

कुलसचिवांनी एवढेच सांगावे: आपल्यापैकी कोणी त्या प्रबंधाचे एक तरी पान वाचले होते काय? ‘वाचले नाही’ हे उत्तरही मी स्वीकारीन. मात्र ते खाजगी पत्राने नको; वर्तमानपत्रात, नावानिशी, छापून द्यावे.